घडी न घातलेली घोंगडी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी टोचते. काळ्या मेंढीच्या लोकरीची जुनी घोंगडी आहे मी. मऊपणा माझ्याकडे मागू नका. ऊब मागा, ती पोटभर देईन.

माझं सूत तानुबाईनं कातलं. माण तालुक्यातल्या मेंढपाळाघरची बाई ती, मेंढरांमागे चालतानाही तिच्या हातातली टकळी फिरत असायची. मागावर विणून, चिंचोक्याची खळ पाजून मला तयार केलं तेव्हा मी फळीसारखी ताठ होते. तिचा नवरा बिराप्पा मला खांद्यावर टाकून मिरवायचा. पावसात मी त्याची छत्री, दुपारी त्याचं अंथरूण, आणि लेक सृष्टी जन्मली तेव्हा तिची झोळीसुद्धा मीच. लोक हात लावून म्हणायचे, "लय दाट हाय गड्या!" मला त्याचा भारी तोरा होता.

पुढचं सांगताना माझा पीळ सैल पडतो. बारा वर्षांपूर्वी कडेगावच्या अलीकडे, ऊस तुटलेल्या एका रानात मेंढरं बसवली होती. रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं, म्हणून दर वर्षी तिथं मुक्काम असे. दुपारी बिराप्पानं माझ्यावर डुलकी काढली आणि उठून तसाच मेंढरांमागे गेला. मला झटकलं नाही, घडी घातली नाही. बांधाच्या कडेला मी गोळा होऊन पडले. दिवस मावळताना सहा वर्षांची सृष्टी म्हणाली, "आये, थंडी वाजतिया." तानुबाई मला उचलायला आली. माझ्या चुण्यांत घोणस शिरली होती. मला ती चांगली कळत होती, पण मला तोंड कुठे होतं?

ती तिच्या हाताला डसली. दवाखान्यापर्यंत तानुबाई पोचली नाही. तिला माझ्यातच गुंडाळून नेलं होतं. अशी घोंगडी त्यांच्यात पुन्हा घरात आणत नाहीत, बिराप्पानं मात्र आणली. तेव्हापासून मी कधी रिकामी नसते. घडीच्या मधल्या पदरात हाताएवढं वजन असतं. भुताखेतांचं मला काही कळत नाही, मी आपली लोकर. पण वजन आहे. सृष्टीलाही ते ठाऊक असावं. मला उचलताना तिचा हात आधी थबकतो. मग ती मला तीनदा झटकते, आणि पांघरत मात्र नाही.

यंदा तिला सांगलीत नर्सिंगला प्रवेश मिळाला. विश्रामबागेतल्या वसतिगृहात सोडायला बापलेक दोघंच एसटीनं निघाले. बिराप्पानं मला पिशवीत भरलं तेव्हा ती दचकली. "आबा, ही कशाला?" त्यानं पिशवीचे बंद आवळले.

कंडक्टर आला. बिराप्पाचा सारा जन्म डोकी मोजण्यात गेला. संध्याकाळी जाळीच्या कुंपणात घेताना मेंढरं मोजायची, मग आपली माणसं मोजायची.

"एक फुल, दोन हाफ. सांगली," तो म्हणाला.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं. कंडक्टरनं आजूबाजूला पाहिलं. "आवं, दुसऱ्या बाई कुठं हायत?"

बिराप्पानं मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. त्याच वेळी माझ्या मधल्या पदरात काहीतरी हललं. खोटं सांगत नाही, हललं.

"एकच हाफ द्या," सृष्टी म्हणाली. मग खिडकीकडे तोंड करून हळूच बोलली, "आबा, त्या दिशी मी थंडी वाजतिया म्हणलं नसतं, तर आज तीन तिकिटं लागली असती."

कडेगावच्या अलीकडचा थांबा आला तसा बिराप्पा उठला. "उतर," म्हणाला. आईचं मरण लेक आपल्या माथी घेऊन वाढली, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं होतं.

रानात पुन्हा ऊस उभा होता. बांध तोच होता. बिराप्पानं मला पिशवीतून काढलं.

"तुझ्या थंडीनं न्हाई गेली ती. हितं निजलो हुतो मी. उठलो आन् हिला तशीच टाकली. घडी घातली न्हाई. बारा वर्सं तुला सांगायला जीभ रेटली न्हाई."

सृष्टीचे डोळे भरून आले, पण आवाज कडक होता. "सहा वर्सांची हुते मी, आबा. तवापासनं मला माझंच वाटतंय."

"व्हय. ही माझी दुसरी चूक. पयलीपरीस मोठी."

ती पाठ फिरवून बांधाच्या टोकापर्यंत चालत गेली. तिला राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता. मग ती वळली आणि माझी दोन टोकं तिनं धरली. दोन बिराप्पानं धरली. दोघांनी मला खडखडून झटकलं आणि तानुबाई घालायची तशी चार पदरी घडी घातली. वजन गेलं नाही. पण दोघांनी धरल्यावर ते मला कमी वाटलं. पुढच्या गाडीत बिराप्पानं आपणहून "एक फुल, एक हाफ" मागितलं.

आता मी विश्रामबागेतल्या खोलीत असते. सृष्टी मला एकदाच झटकते आणि पांघरते. मधला पदर ती छातीवर घेते.

मित्रांनो, घोंगडी वापरलीत की झटकून घडी घाला, जमिनीवर लोळत टाकू नका. आणि मनात काही लपलेलं असेल, तर घरातल्या माणसाला वेळेत सांगा. मला तोंड नव्हतं, म्हणून तानुबाई गेली. तुम्हाला आहे.