शेवटून आवाज

मागे वळून बघायचं नाही, हा त्यांच्या संघाचा पहिला नियम होता. चौघं सायकलवर एका ओळीत, एकाच्या मागच्या चाकापासून दुसऱ्याचं पुढचं चाक जेमतेम वीतभर अंतरावर. अशात कुणी मान वळवली की हँडल वळतं, चाकाला चाक लागतं आणि चौघंही रस्त्यावर लोळतात. म्हणून बघायचं नाही, ऐकायचं. पुढचा गडी वारा खाऊन दमला की बाजूला होतो, ओळ पुढे जाऊ देतो आणि शेपटीला येऊन चिकटतो. चिकटला की ओरडतो, "आहे!" ते ऐकलं की नवा पुढचा वेग वाढवतो.

हा शब्द ठरला तेव्हा बराच वाद झाला होता. मास्तर संघाचे कप्तान आणि शाळेत गणित शिकवणारे, तेव्हा त्यांनी आधी "हजर" सुचवलं. संघातल्या सुताराने ते तिथल्या तिथे हाणून पाडलं. "मास्तर, शाळेत माझ्या नावाला हजर ओरडणारा दुसराच असायचा. मी तोवर भिंतीवरून पसार. त्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही." सगळे हसले आणि "आहे" कायम झालं.

ओळीत चौथी होती वहिनी. संघात सगळेच तिला वहिनी म्हणत. खरं तर ती वहिनी होती एकट्या धाकट्याची. धाकटा तिचा दीर. आणि तिचा नवरा, धाकट्याचा दादा, याच संघातला चौथा गडी होता. गेल्या वर्षी याच शर्यतीत, संपायला थोडं अंतर उरलेलं असताना, तलावाच्या बांधावरच्या याच सरळ रस्त्यावर तो गेला.

कसा गेला, हे तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता तीच इतरांना सांगू शकली असती. तो दमून शेवटीच बसला होता; पुढून उतरणारा त्याच्या पुढ्यात शिरायचा आणि आवाज तो द्यायचा. छातीत कळ आली असणार. पुढच्याचं चाक सुटून तो मागे पडला असणार. पण पुढचा गडी बदलला की तो न चुकता आवाज देत राहिला, "आहेऽ." वारा पाठीमागून होता आणि त्याचा आवाज पुढे आणून पोचवत होता. तो दहा हातांवरून बोलतोय की शंभर, हे कुणाला कळलं नाही. त्याच्या पुढे धाकटा होता, त्यालाही नाही. बांधाच्या टोकाच्या पुलाशी तिघं थांबले तेव्हा मागचा रस्ता मोकळा होता. डॉक्टर नंतर म्हणाले, पहिल्या कळेलाच उतरून बसला असता तर बहुतेक वाचला असता.

या "उतरून बसला असता"वर तिने वर्ष काढलं. माणसं रडतात, ती चिडली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवता बसवता ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची. दुकानात डोळे तपासायला येणारी माणसंही अशीच. शेवटची ओळ दिसत नसते, तरी अंदाजाने अक्षरं वाचून दाखवतात. कशाला? नाही दिसत म्हटलं तर कोणी फटके मारणार आहे का? घरी आलं की अरुंद बोळात भिंतीला त्याची सायकल टांगलेली, तिला खांदा घासूनच आत जावं लागायचं. न्हाणीघराचं दार लोटलेलं दिसलं की तोंडातून अजून निघून जायचं, "आत आहेस का?" मग आतलं नळाचं ठिबकणं ऐकू यायचं आणि ती दार धाडकन उघडायची. एकदा नाही म्हणायला काय झालं होतं रे तुला, असं ती त्याच्या रिकाम्या चपलांनाही विचारून चुकली होती.

शर्यतीला चार गडी लागतात, तीन चालत नाहीत. ती म्हणाली, मी येते. मास्तरांनी नाही-नाही म्हणून पाहिलं, पण धाकट्याने दुसऱ्या दिवशी दादाची सायकल खाली काढून तिची सीट तिच्या उंचीला उतरवली.

आता त्या सायकलवर ती कालपासून होती. रात्र गेली, सकाळ गेली, दुपार कलली. चौथा गडी रेघ ओलांडेल तीच संघाची वेळ धरतात, आणि दिवस मावळायच्या आत तो पोचला नाही तर बाकीचे तिघं पोचले काय आणि न पोचले काय, सारखंच. म्हणजे सगळं तिच्यावर होतं. गेल्या वर्षी ही ओळ तुटली होती; या वर्षी ती सबंध न्यायची, एवढंच तिला हवं होतं.

बांधाच्या तोंडाशी मास्तर ओरडले, "वहिनी, तू आता पुढे यायचं नाहीस. शेवटी बस. पुढून उतरेल तो तुझ्या पुढ्यात शिरेल. तू फक्त आवाज दे."

"देते," ती म्हणाली.

एका बाजूला तलावाचं पाणी, दुसऱ्या बाजूला उतरता गवताळ काठ, मधोमध रस्ता. तिच्या पुढे सुताराची रुंद पाठ. तो स्वतःच म्हणायचा की माझ्यामागे बसलं की वाऱ्यालाही पत्ता विचारत यावं लागतं. पण इथे वारा मागून होता. मागून वारा असला की आडोसा कसला नि काय. ज्याचं त्याने ओढायचं. तिच्या मांड्या केव्हाच आपल्या राहिल्या नव्हत्या. तोंड कोरडं पडलं होतं आणि भर उन्हात अंगावर काटा येत होता, हे काही बरं लक्षण नव्हे हे तिला कळत होतं.

मास्तर बाजूला झाले, मागे आले, तिच्या पुढ्यात शिरले. "आहे!" ती ओरडली.

"आहेऽ," मागून आलं.

बांधाच्या भिंतीवरून आवाज उलटला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मग तिच्या लक्षात आलं की इथे भिंत नव्हती. पाणी होतं आणि गवत होतं.

पुढच्या बदलाच्या वेळी तिने मुद्दाम थोडं थांबून पाहिलं. तोंड उघडलंच नाही. मागून आवाज आला, "आहेऽ," आणि पुढे सुताराने बिनदिक्कत वेग वाढवला. शेवटचं अक्षर लांबवायची ती सवय एकाच माणसाची होती. जेवायला हाक मारली की अंथरुणातून उठायच्या आधी तो तसंच लांबवून "आलोऽ" म्हणायचा आणि पानं थंड व्हायची.

वळून बघावं असं वाटलं. नियम होता म्हणून तिने वळून पाहिलं नाही, असं म्हणता येईल. खरं तर तिची छाती होईना. मागच्या साखळीची किरकिर तिला ऐकू येत होती. तिच्या स्वतःच्या साखळीला तिने सकाळीच तेल घातलं होतं.

आणि मग तिचं चाक सुटलं. मोठं काही झालं नाही. धाकट्याचं मागचं चाक वीतभर होतं ते हातभर झालं, हाताचं दोन हात झालं. पायांना सांगून पाहिलं, पाय ऐकेनात. तेवढ्यात पुढे बदल झाला. सुतार उतरला, त्याला धाकट्याच्या मागे ऐसपैस जागा मिळाली, तो शिरला. आता तिने आवाज द्यायचा होता.

"आहे!" ती म्हणाली.

किती सोपं होतं ते! पुढे तिघांनी वेग वाढवला आणि अंतर आणखी वाढलं. आता भरून काढते, एवढा चढ संपला की भरून काढते, असं ती म्हणत राहिली; रस्ता तर सपाट होता. पुन्हा बदल झाला. "आहे!" ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिच्याबरोबर तोही म्हणाला. दोघांनी एकदमच.

वर्षभर ती समजत होती की तो शूर व्हायला गेला. हिरोगिरी नडली, असं तिने चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. तसं काही नव्हतंच. नुसती लाज होती. कालपासून हाडं झिजवणाऱ्या तीन माणसांना आपल्यापायी थांबावं लागेल, याची लाज. एवढ्याशा शब्दामागे तो लपला होता आणि आता तीही त्याच्या शेजारी लपायला आली होती. तिला त्याची अशी काही कीव आली की डोळे भरून आले, आणि डोळे भरल्यावर रस्ता दिसेना.

"आहेऽ," तो तिच्या अगदी कानाशी म्हणाला. प्रेमाने म्हणाला. म्हण की, त्यात काय, असं.

ती घाबरली ती तेव्हा. त्याच्या आवाजाला नाही. आपल्यालाही तसंच म्हणावंसं वाटतंय, याला.

"नाही!" ती ओरडली. घसा फाटला. "नाही! नाही रे! सुटले मी!"

पुढे तीन पाठी लहान होत चालल्या होत्या. कुणी थांबलं नाही. कुणाचा वेगही उतरला नाही. तिने आणखी एकदा ओरडायला श्वास घेतला आणि पुढचं चाक डांबर सोडून गवतात गेलं. पडता पडता तिला एवढंच दिसलं की त्या तिघांतल्या एकाने मान वळवली होती.

धाकटा तिच्यापाशी पोचला तेव्हा तिचे दात वाजत होते. त्याने तिला सायकलखालून ओढून काढलं, बाटलीतलं गोड पाणी घोट घोट पाजलं, स्वतःचं जाकीट तिच्या अंगावर टाकलं. मास्तर आणि सुतार मागे वळून आले. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते तिची नाडी धरून बसले आणि मोजता मोजता दोनदा चुकले.

"गणिताचे मास्तर!" सुतार म्हणाला, पण त्याचं त्यालाही हसू आलं नाही.

"गाडी बोलावतो," मास्तर म्हणाले. "शर्यत गेली खड्ड्यात."

"गाडी नको. जरा बसू द्या," ती म्हणाली. "मला वाटलं तर मी सांगेन. या वेळी सांगेन."

ते बसले. वेळ जात होता आणि कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही. तिची थरथर थांबली, ओठांवर रंग आला, मग ती आपणहून उठली. मास्तरांनी तिला ओळीच्या मधोमध घातलं, धाकट्याला तिच्या मागे दिलं, आणि बेताच्या वेगाने निघाले. तळ्यावरचं ऊन तांबूस झालं होतं तेव्हा चौघांनी रेघ ओलांडली. अधिकाऱ्याने शिट्टी वाजवली. त्यांच्यामागे आणखी कुणी पोचलं नाही.

खेळाडूंसाठी एक लांबलचक खोली दिली होती, खाली सतरंज्या आणि कोपऱ्यात एक टेबलपंखा. मास्तर आणि सुतार भिंतीला पाय लावून पडल्या पडल्या घोरायला लागले. वहिनी आणि धाकटा खिडकीखाली बसले होते. तिला आतून हलकं वाटत होतं. दादाला जे जमलं नाही ते तिला जमलं होतं, आणि त्यानेच ती वाचली होती.

"बरं झालं मी नाही म्हणाले," ती म्हणाली. "तू ऐकलंस म्हणून. नाहीतर तिथेच गवतात पडून राहिले असते."

धाकटा बुटाची नाडी सोडत होता. तो थांबला. "कुठलं नाही?"

"अरे, ओरडले ना मी. घसा फुटेस्तोवर. नाही, नाही म्हणून."

"नाही वहिनी. तसं काही ऐकू आलं नाही. मास्तरांनाही नाही, मी विचारलं त्यांना." तो खाली बघत म्हणाला. "आम्हाला 'आहे'च ऐकू आलं. अगदी स्पष्ट."

पंखा वळून त्यांच्यावरून गेला.

"मग वळून का पाहिलंस?" तिने विचारलं. "नियम मोडून?"

त्याची हनुवटी थरथरायला लागली तेव्हा तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तेव्हा आवाज दादाचा होता," तो म्हणाला. "आणि दादा आहे म्हणाला, की आता मी मागे बघतो."

तिला हसू आलं की रडू, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मेला!" ती म्हणाली. "अजून खोटंच बोलतोय."

शब्द तोंडातून निघून गेला आणि मग तिच्या कानांवर पडला. वर्षभरात तिने तो शब्द त्याच्यासाठी एकदाही उच्चारला नव्हता. लोकांशी बोलताना "गेला" म्हणायची, डॉक्टरांशी बोलताना "ते झालं तेव्हा" म्हणायची. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. तिने तोंडावर पदरासारखं त्याचं जाकीट धरलं आणि पहिल्यांदाच नवऱ्यासाठी मोठ्याने रडली.