घेवड्याचं बी

ज्येष्ठातला रविवार होता. सांगलीला माझी शाळा उघडायला आठवडा राहिला होता, म्हणून रहिमतपूरचं आईचं परडं लख्ख करून द्यावं, या विचाराने मी खराटा घेतला. आंब्याचा पाचोळा कोपऱ्यात गोळा केला आणि काडेपेटी आणायला आत गेले. परत येईतो आईने पाटीभर पाला वांग्यांच्या बुडाशी पसरलाही होता.

"आगं, भुईला उघडं नगं ठिवू. तिलाबी ऊन लागतंय."

"शाळेत मी मुलांना स्वच्छता शिकवते, आई."

"शिकीव की. माझी वांगी कुठं साळंत जात्यात?"

मी हसले. ती म्हणाली, "बस हितं, दावते." मला हातातलं पुस्तक संपवायचं होतं. मी आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना ती चुलीपुढेच कलंडली.

दिवसकार्य झालं. मी रजा वाढवली. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून फडताळ आवरायला काढलं. तळाशी एक मडकं होतं, राखेने भरलेलं, आणि राखेत घेवड्याचे दाणे. इतकी स्वच्छ बाई, आणि दाणे असे कसे ठेवले, असं वाटलं. तीन पाण्यांनी धुऊन भिजवले आणि उसळ केली.

चार दिवसांनी शेजारच्या राहीबाई आल्या. "बियाचं मडकं काढ बाई. पेरायची येळ झाली."

त्या दाण्यांची उसळ केल्याचं मी सांगितलं.

राहीबाईंनी कपाळावर हात मारला. "बी खाल्लंस? आगं मास्तरणी, किडा लागू नये म्हणून राखंत ठिवत्यात! ह्यो घेवडा तुज्या आईनं, हरणाबाईनं, माहेराहनं आणल्याला. बाजारात न्हाई मिळायचा."

त्या हसत होत्या. पंचवीस वर्षं तिने दरसाल जपलेलं ते बी मी एका जेवणात संपवलं होतं.

माझ्याकडे पाहून त्या हसायच्या थांबल्या आणि घरी गेल्या. आल्या तेव्हा पदरात मूठभर दाणे होते. "तिचंच हाय. सुगी झाली की समद्या गल्लीत वाटायची. एका घरी गेलं तर दुसऱ्या घरी ऱ्हातंय, म्हणायची."

"किती खोल पेरायचं?"

"दोन पेरं. आन् पाणी बेतानं घाल, रोज नगं. आईला कवा इचारलं न्हाईस व्हय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्या गेल्यावर मी कुंपणाकडेला बसले. बोटाची दोन पेरं मातीत रुतवायची, दाणा सोडायचा, माती ओढायची. सहाव्या दाण्याशी हात थांबला. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"आई, मला यातलं काही येत नाही गं," मी म्हणाले. "एवढं शिकून तुला विचारायची मला लाज वाटायची."