सैल दोरी

मी दोरी बोलतेय. कुत्र्याला फिरायला नेताना माणसं हातात धरतात, ती. साखळीशी माझं नातं जोडलंत तर मला राग येईल. बांधून घालणं हे माझं काम नाही, सोबत चालणं हे आहे. एरवी मी फार बोलत नाही. पण उद्या सकाळी मला पुन्हा रस्त्यावर नेणार आहेत, आणि त्याआधी माझं कुणीतरी ऐकायला हवं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड विणलेली पट्टी, एका टोकाला हात घालायला दुमडून शिवलेली मूठ, दुसऱ्या टोकाला पितळी हुक. त्या हुकाला एक छोटा खटका असतो, आत बारीक स्प्रिंग. खटका अंगठ्याने मागे ओढायचा, कुत्र्याच्या गळपट्ट्याच्या कडीत हुक अडकवायचा आणि सोडून द्यायचा. खटका आपोआप मिटतो. माझा सगळा जीव त्या खटक्यात आहे.

या घरी मी आले ती थोरल्यासाठी. थोरला म्हणजे इथला पहिला कुत्रा. मनाने सोन्यासारखा, पण रस्ता दिसला की त्याच्या अंगात यायचं. घरातले म्हातारे आबा त्याला फिरवत नसत, तोच आबांना फिरवून आणी. वर्षानुवर्षं तो मला ओढत राहिला आणि माझी स्प्रिंग आतून दमत गेली. एकदा त्याने पायऱ्यांवर असा हिसका दिला की आबा पडले, मनगट मोडलं. पुढे थोरला म्हातारा होऊन शांतपणे गेला आणि मी दारामागच्या खिळ्यावर लटकले. दमट हवेत खटक्याला गंज चढू लागला.

आबांचा मुलगा नोकरीसाठी दूर असतो. घरात आबा आणि त्यांची सून. ती घरी बसून लोकांचे कपडे शिवते. थोरला गेल्यावर आबा खिडकीशी बसून राहू लागले. एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने सगळं धुरकट. डॉक्टर म्हणाले, चालत राहिले नाहीत तर पायही जातील. मग सूनच एक दिवस टोपलीत घालून पिल्लू घेऊन आली. मान वर करून बसायची त्याची ऐट बघून आबांनी त्याचं नाव ठेवलं साहेब.

त्याच दिवशी तिने मला खिळ्यावरून काढलं, गरम पाण्याने धुतलं, मुठीची उसवलेली शिवण काढून दुहेरी टीप मारली. मग मूठ पायाखाली धरून दोन्ही हातांनी ओढून बघितली आणि म्हणाली, आता जहाज बांधलं तरी तुटायची नाही. हुक तिने चिंधीने घासून लखलखीत केला, बस्स. शिवण तिची, म्हणून शिवण तपासली. शर्टाला बटण लावल्यावर ती दोरा ओढून बघते, बटण कधी चावून बघत नाही. तसंच झालं हे.

साहेबांना पहिल्यांदा हुक लावताना ती आबांना म्हणाली, "याने तुम्हाला एकदा जरी ओढून पाडलं ना आबा, तर मी याला दुसऱ्या घरी देऊन टाकीन. तुमचा हात पुन्हा गळ्यात बांधलेला मला बघवणार नाही." साहेब आबांच्या चपलेवर झोपले होते.

शिकवणी शिलाई मशीन आणि कपाटाच्या मधल्या जागेत सुरू झाली. सुनेने उरलेल्या कापडाची पिशवी शिवून कमरेला बांधली, तिच्यात उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे. साहेब गुडघ्याशी चालले की जिभेने टाळूवर 'टक्' करायचं आणि तुकडा गुडघ्याशीच द्यायचा. पुढे धावून मला ताणलं, तर खांबासारखं उभं राहायचं. ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही. पहिले काही दिवस साहेबांनी फक्त मोजपट्टी खाल्ली. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की ओढून काहीच मिळत नाही आणि वळून बघितलं की सगळं मिळतं. खोलीतून जिना, जिन्यातून गल्ली. सून मागे राहिली आणि मूठ आबांच्या हातात आली.

आबांना साहेब नीट दिसत नसत. ते त्यांना माझ्यातून ओळखत. मी ताणले की थांबायचं. मी सैल पडले की साहेब गुडघ्याशी आहेत, 'टक्' करायचं आणि हात खाली न्यायचा. सुनेने त्यांना हेच शिकवलं होतं. "दोरी सैल म्हणजे साहेब शहाणे," असं आबा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

ते ऐकून मला सुख व्हायला हवं होतं. थोरल्याने इतकं ताणल्यावर अशी विश्रांती मिळाली होती. पण मला भीती वाटू लागली. खटका मागे ओढला की तो आता लगेच मिटत नसे. कधी अर्धाच मिटे. साहेब ओढतच नसत, त्यामुळे हुक नुसता लटकलेला असला तरी कुणाला कळायचं कारण नव्हतं. साहेब जितके गुणी होत गेले, तितकी मी धोकादायक होत गेले.

आणि आज संध्याकाळी ते झालं.

मोठ्या रस्त्याच्या कडेने आम्ही चाललो होतो. गाड्यांचा लोंढा सुरू होता. मागे एका ट्रकचं टायर फुटलं. साहेब दचकून बाजूला उडाले, एकच झटका बसला, आणि खटका उघडला. मी सैल पडले. साहेब रस्त्याच्या मधोमध होते.

आबा आवाजाने क्षणभर थबकले. मग त्यांना हातात मी लागले, सैल, हलकी. त्यांचा चेहरा उजळला. "शाब्बास रे माझ्या वाघा," ते म्हणाले, "एवढा आवाज झाला तरी ओढत सुटला नाहीस." त्यांनी 'टक्' केलं आणि तुकडा घेऊन हात गुडघ्याशी नेला. हात तसाच राहिला. खाली कुणीच नव्हतं.

मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

साहेबांनी ती 'टक्' ऐकली. त्या गोंगाटात कशी ऐकली, ते त्यांनाच ठाऊक. ते वळले आणि सरळ आबांकडे धावले. एका गाडीने करकचून ब्रेक लावला, कुणीतरी शिवी हासडली, आणि आबांच्या बोटांना ओलं नाक लागलं. तुकडा संपला. आबा म्हणाले, "लोक काय वेड्यासारख्या गाड्या हाकतात," आणि आम्ही घरी निघालो. साहेब गुडघ्याशी, मी मोकळी, हुक जमिनीवर घासत.

दार उघडताच सुनेने बघितलं. हुक सुटलेला होता. आबांनीच उंबऱ्याशी काढला असेल, असं तिला वाटलं. तिने मला उचललं, सवयीने मुठीची टीप ओढून बघितली, समाधानाने मान हलवली आणि मला खिळ्यावर अडकवलं. उद्या सकाळी लवकर निघा, रहदारी कमी असते, असं ती आबांना सांगत होती.

साहेब आता माझ्याखालीच झोपले आहेत. आजची 'टक्' त्यांना ऐकू आली. उद्या वारा उलटा असेल, आबांना खोकला आला असेल, ट्रक जरा जवळ असेल.

या घरात मी 'ओढू नकोस' एवढं एकच शिकवलं. आता तुम्हाला हात जोडून उलट सांगते. दारामागे या, माझा हुक गळपट्ट्याच्या कडीत अडकवा, आणि साहेबांच्या गळ्यात घालायच्या आधी एकदा, जीव खाऊन, मला ओढा.