सटवाजीची गाठ

डोंगरकडा गावच्या फाट्यावर फ्लेक्स लागला तेव्हा चौघी मुली अजून कुठे गेल्यासुद्धा नव्हत्या. 'थायलंड येथील आंतरराष्ट्रीय नौकानयन स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' अशी ओळ, खाली चौघींचे फोटो आणि त्यांच्याहून मोठे शुभेच्छुकांचे फोटो. आपल्याकडे सत्कार आधी होतो, काम मागाहून. त्यामुळे कोणी जिंको, हरो, हार वाया जात नाहीत. कळमनुरीच्या कॉलेजातली शिवकन्या फाट्यावर एसटी थांबली की दुसऱ्या खिडकीकडे तोंड करायची. फ्लेक्सवर हसत उभी असलेली पोरगी तीच होती, आणि तिला जायचं नव्हतं. हे कोणालाच माहीत नव्हतं.

तिचे वडील सटवाजी इसापूर धरणाच्या पाण्यात मासे धरतात. बाकीची पोरं चालायला शिकतात त्या वयात ती वल्हं मारायला शिकली. क्रीडाशिक्षक उत्तमसिंग सरांनी कॉलेजसाठी शर्यतीची जुनी होडी मिळवली, तेव्हा त्यांनी आधी तिचे तळहात पाहिले.

"असले घट्टे कशानं पडले गं?"

"जाळं वढून, सर."

सरांनी तिला सगळ्यात मागच्या, चाल देणाऱ्या जागेवर बसवलं. ती ज्या ठेक्यात वल्हं मारील त्याच ठेक्यात ऐश्वर्या, रुपा आणि वैष्णवीनं मारायचं. शर्यतीची होडी शेवग्याच्या शेंगेसारखी लांब आणि अरुंद. तोंड मागं करून बसायचं आणि पाठीकडं जायचं. पायांतले बूट होडीचेच, लाकडी फळीला स्क्रूनं बसवलेले, वरून एक पट्टी. होडी उलटली की पट्टी ओढायची, गुडघे पोटाशी घ्यायचे, पाय बुटातून सुटतो. सर हे रोज करून घेत. शिवकन्येला ते झोपेतही आलं असतं.

जायला पंधरा-वीस दिवस होते. सरपंच भिवाजींनी धरणाच्या काठावर होडीची पूजा ठेवली. मंडप, माइक, पाहुणे, पाहुण्यांना फिरायला एक मोटरबोट. मुली होडीत बसलेल्या, पाय बुटांत, कारण फोटो तसाच हवा होता.

"सटवाजी, पोरगी तुझी," सरपंच म्हणाले. "नाडा तूच बांध."

नव्या ट्रॅक्टरला, पिठाच्या गिरणीला बांधतात तोच लाल-पिवळा नाडा. सटवाजीला असा मान आयुष्यात कोणी दिला नव्हता. तो गुडघाभर पाण्यात उतरला. शिवकन्येच्या उजव्या बुटावरून, पट्टीवरून, फळीखालून त्यानं चार-पाच वेढे घेतले आणि गाठ मारली. त्याच्या बोटांना गाठ एकच ठाऊक, जाळ्याची. ओली झाली की ती आवळते. सुटली तर जाळं कसलं? उत्तमसिंग सर तेव्हा माइकवर पाहुण्यांची नावं घेत होते.

मग मुलींनी होडी खोल पाण्यात नेली. पाहुण्यांची मोटरबोट व्हिडिओसाठी जवळून वळली. तिची लाट आडवी आली आणि होडी उलटली.

तिघी लगेच वर आल्या. शिवकन्येचा डावा पाय सुटला. उजव्या पायाची पट्टी ओढायला तिनं हात घातला, तर हाताला पट्टी लागेना. पट्टीवर नाडा होता. तिनं गुडघा पोटाशी ओढला. गाठ आवळली. पुन्हा ओढला. ज्या पाण्यात ती लहानपणी डोळे उघडे ठेवून पोहायची, ते पाणी आता गढूळ, उलटं आणि नाकात शिरलेलं. तिनं हिसके मारले ते पोहायचे नव्हते, जाळ्यातल्या माशाचे होते. स्क्रूच्या कडेवर घासून नाडा तुटला कधी, हे तिला कळलं नाही. सटवाजीनं उडी मारून तिला काठावर आणलं तेव्हा तिच्या घोट्यावरची कातडी सोलली होती, आणि तिच्यात नाड्याचा एक तुकडा रुतला होता.

सरपंचांनी तो तुकडा पाहिला आणि हात वर केला. "बघा रे! पायात नाडा हाय! नाडा व्हता म्हून पोरगी वर आली!"

शिवकन्येच्या तोंडातून पाणी येत होतं. तिला बोलता येईपर्यंत ती गोष्ट गावभर झाली होती. सटवाजी नाड्याचा तुकडा कपाळाला लावून रडत होता.

सरांनी दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेतलं. "घाबरलीस. पट्टी विसरलीस. इतकं शिकवूनही."

"व्हय सर," ती म्हणाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी नवं मळणीयंत्र घेतलेला एक माणूस हट्टा गावाहून दारात आला. सटवाजीच्याच हातानं नाडा बांधायचा होता. दोन दिवसांनी आणखी एक आला. ज्या माणसाला गाव "आज कोन्ते मासे?" एवढंच विचारायचं, त्याला लोक सटवाजीराव म्हणू लागले. आई मनकर्णा चुलीवर चहाचं आधण ठेवायची आणि शिवकन्येकडं बघून डोळे मिचकवायची, "तुझा बाप मोठा मानूस झाला गं!" सटवाजी धोतर बदलून बाहेर यायचा. तो असा ताठ चालताना तिनं कधी पाहिला नव्हता. आता तोंड उघडायचं तर त्याच्या अंगावरचं हे नवं धोतरच ओढून काढायचं.

सरावाला मात्र उजवा पाय बुटात गेला की तिचा श्वास अडायचा. ती पट्टी सैल ठेवू लागली. सर काठावरून ओरडायचे, "उजवा पाय ढिला पडून राहिला, शिवकन्या! जोर कुठं गेला?" पाचवी मुलगी नव्हती. ती थांबली तर चौघींचं जाणं थांबत होतं. रुपाच्या वडिलांनी तिचा पासपोर्ट देवघरात पूजेत ठेवला होता.

निघायच्या दिवशी सटवाजीनं तिच्या हातात पुडी दिली. आत नवा नाडा.

"सरान्ला सांगितलंय म्या. शर्यतीच्या आधी मोबाइलवर दाखवा मनावं. मी सांगन तशी गाठ मारायची. समदं गाव बघनार हाय."

"आबा, तिथं चालतंय का न्हाई…"

"देवाचं काहून न चालंल?" तो हसला. "तू नुसती बस. बाकी माझ्याकडं."

थायलंडला पहिला दिवस फिरण्याचा होता. सोनेरी कळसांचं मोठं मंदिर, आत उंच बुद्धमूर्ती. ऐश्वर्या गुडघे टेकून बसली ती उठेचना. आई कमलबाईला दाखवायला तिला फोटो काढायचे होते, पण हात जोडलेले सुटत नव्हते. रुपा आणि वैष्णवी नारळाचं आइस्क्रीम खात चपलांची राखण करत होत्या. दाराजवळ एक म्हातारी बाई येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधत होती. ऐश्वर्यानं हात पुढं केला, बांधून घेतला. मग म्हातारीनं शिवकन्येचं मनगट धरलं. एक वेढा बसला आणि शिवकन्येनं हात असा हिसडला की म्हातारी दचकली.

बाहेर पायरीवर ऐश्वर्यानं तिला गाठलं. "काय झालं तुला?"

"काय न्हाई. गुदगुल्या झाल्या."

"गुदगुल्या झाल्यावर मानूस हसतंय. तू पांढरी पडली." ऐश्वर्यानं खाली वाकून तिचा मोजा सरकवला. घोट्याभोवती नाड्याएवढी रुंद काळपट खूण होती. "हे कशाचं?"

शिवकन्येनं पायरीवरच सगळं सांगितलं. तेवढा वेळ समोर एक मांजर ऊन खात पडलं होतं. ती मांजराकडं बघतच बोलली.

"सरान्ला सांग," ऐश्वर्या म्हणाली. "आत्ता."

"आन सर आबाला सांगतील."

"मग सांगू दे की."

"तुझ्या बापाला कोन राव म्हनतंय का?"

"माझा बाप मास्तर हाय. सर म्हनतेत."

"मग तुला न्हाई कळायचं," शिवकन्या म्हणाली आणि मोजा वर ओढला. ऐश्वर्या तिच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "तुझ्या मागं मी बसत असते. उलटली तर मी काय करू, हे तरी सांगून ठेव."

शर्यतीच्या सकाळी तपासणीवाल्या माणसानं, उलटल्यावर पाय सुटेल ना हे बघायला, एकेका बुटाची टाच ओढून पाहिली, मान डोलावली आणि तो पुढच्या होडीकडं गेला. मुली होडीत बसल्या. उत्तमसिंग सरांनी इकडंतिकडं बघून मोबाइल लावला.

पडद्यावर धरणाचा काठ, मंडप, डोकीच डोकी. पुढं पांढरी टोपी घातलेला सटवाजी.

"दिसून राहिलं का, आबा?" सरांनी विचारलं.

"दिसून राहिलं. शिवे, जेवलीस का?"

"व्हय."

"हां. सर, उजव्या पायाला घ्या. पट्टीवरून. चार येढे."

सरांनी मोबाइल शिवकन्येच्या हातात दिला, ते धक्क्यावर गुडघे टेकून वाकले. नाड्याचा पहिला वेढा तिच्या पायावरून गेला. तिला पाणी दिसलं नाही, ऊन दिसलं नाही. कानात फक्त तो उलटा, गढूळ आवाज आला.

"सर, नका बांधू."

"अगं, दोन मिनिटांचं काम. गाव बघून राहिलंय…"

"नका बांधू म्हन्ते ना मी!"

रुपा आणि वैष्णवी मागून वाकल्या. मोबाइलमधून सरपंचांचा आवाज आला, "काय म्हन्ती? आवाज न्हाई येऊन राहिला!"

शिवकन्येनं मोबाइल तोंडाशी धरला. "आबा, नाड्यानं न्हाई वाचले मी. माझा पाय नाड्यातच अडकला व्हता. खाली पट्टी सापडंना. नाडा तुटला म्हून वर आले."

मंडपात कोणी तरी हसलं आणि गप्प झालं. सटवाजीनं मोबाइलकडं बघितलं नाही, स्वतःच्या हातांकडं बघितलं. त्याची बोटं हलली. हवेतच एक वेढा, दुसरा, आतून बाहेर, मग ओढ. बोटं थांबली.

"पान्यात…" तो म्हणाला, आणि फोन बंद झाला. रेंज गेली की त्यानंच बंद केला, ते कळलं नाही.

सरांनी नाडा सोडवून खिशात टाकला. त्यांचा चेहरा उतरला होता. "मला काहून नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं नव्हतं, सर. तुमीच सांगितलं व्हतं, मी घाबरले म्हून."

सर उठले. होडीची कड त्यांनी हातानं ढकलली, नेहमीपेक्षा हळू.

सहा होड्यांत त्या चौथ्या आल्या. पूजेच्या दिवसानंतर शिवकन्येनं पट्टी पहिल्यांदा घट्ट लावली होती आणि उजव्या पायावर सगळा जोर दिला होता. चाल एकदाही मोडली नाही. पण तोंड मागं करून बसलेल्या माणसाला मागे पडलेलंच दिसत राहतं. दोन किलोमीटर ती पाण्यावर आबाची हवेत हलणारी बोटं बघत होती.

त्यानंतर ती रोज घरी फोन करायची. मनकर्णाच उचलायची. "पान्यावर गेलेत," एवढंच सांगायची. एकदा तिनं न विचारताच सांगितलं, मळणीयंत्रवाला यंत्रावरचा नाडा सोडून दारात परत टाकून गेला म्हणून.

परतल्यावर फाट्यावर तोच फ्लेक्स होता, एका कोपऱ्यातून सुटून फडफडत. सरपंचांना नेमकं हिंगोलीला काम निघालं होतं. सत्कार नव्हता. शिवकन्या घरी पिशवी टाकून धरणावर गेली. काय ऐकावं लागेल याची तिनं वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, आबाचीही आणि आपलीही.

कॉलेजची जुनी होडी काठाच्या उथळ पाण्यात बांधलेली होती. चाल देणाऱ्या जागेवर सटवाजी बसला होता. त्याचा भेगाळलेला उजवा पाय तिच्या बुटात अर्धा कोंबलेला. पट्टीवरून लाल-पिवळा नाडा, चार वेढे, ओला, आवळलेला. तो गुडघा पोटाशी ओढत होता. पाय येत नव्हता. घोट्यावरची कातडी लाल झाली होती, नेमकी तिच्या खुणेच्या जागी.

ती पाण्यात उतरली. त्यानं मान वर केली नाही.

"न्हाई सुटत," तो म्हणाला.

तिनं त्याच्या कमरेचा, जाळं कापायचा चाकू काढला आणि उघडला.

"थांब."

"आबा, पायाला लागून राहिलंय."

"लागू दे." त्यानं पुन्हा ओढला, पुन्हा थांबला. धापा टाकत म्हणाला, "मी तर वरी हाय. मला हवा हाय. तू खाली किती येळ व्हतीस?"

"लई न्हाई."

"खरं सांग."

जुळवून आणलेल्या वाक्यांत हे वाक्य नव्हतं. ती होडीची कड धरून उभी राहिली. "मला वाटलं, आता न्हाई येत मी वर," ती म्हणाली.

सटवाजीनं मान हलवली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून तो तसाच बसून राहिला, पाय अडकलेला, डोळे पाण्यावर. होडी हलू नये म्हणून शिवकन्येनं कड घट्ट धरली.

"आता काप," तो म्हणाला.