हळदीला पाचवी

तळेघर गावात वृषालीच्या लग्नाची हळद दळायला जातं मांडलं, खुंट्याला आंब्याची पानं बांधली. चार सवाशिणी बसल्या. पाचवी म्हणून वृषालीची चुलती आशा पदर खोचून खाली टेकतेय, तोच मोठी जाऊ ठमाबाई आडवी आली.

"तू नगं. तुजी पिशवी काढलीय. माज्या पोरीच्या संसाराला अपशकुन कशाला? त्यापरीस दोन हंडं पाणी आण."

वा रे न्याय! हळदीला हात चालत नाही आणि हंड्याला चालतो!

जड काही उचलायचं नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. पिशवीबरोबर ओटीपोटातल्या गाठीही काढल्या होत्या. तेव्हापासून संध्याकाळी उजवा पाय सुजून जड व्हायचा. लघवी लागल्याचं कळतच नसे, घड्याळ बघून जावं लागे. दुखतंय का, असं या घरात एकानं विचारलं असेल तर शपथ! आता बाई म्हणून काय उरलं, ही चौकशी मात्र अख्ख्या आळीला. नवरा दादाभाऊ तर रोग चिकटेल म्हणून अंथरूण घेऊन ओसरीवर गेला. चिकटत नाही, हे डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, तरी गेला. तेव्हा आशा उशीत तोंड खुपसून रडली होती. आज तिला रडू येत नव्हतं, तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. जिला तिनं न्हाऊमाखू घातलं, त्या पोरीच्या हळदीला तिचाच हात नको?

ती जात्यापाशी बसली ती बसलीच.

"पिशवी काढली, हात नाय काढलं," ती म्हणाली.

बायका कुजबुजायला लागल्या. ठमाबाईनं मांडवात हाक मारली, "भावजी, उठवा हिला!"

दादाभाऊ आला. "चल, ऊठ. पावण्यांत तमाशा नगं."

आशानं मान वर केली. "सवाशीण कुणाला म्हणत्यात ओ? जिचा नवरा जित्ता, तिला. मी सवाशीण नाय, तर मग तुमी मेलाय का? सांगा समद्यांना."

मांडवातली माणसं वळून बघायला लागली. एक म्हातारी फिसकन हसली.

"जित्ता हाय की," दादाभाऊ पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा."

"जित्ता हाय!"

"मग बाई, हळकुंडं टाका," असं ठमाबाईला म्हणत आशानं खुंटा धरला.