ताटाएवढी चकली

दिवाळी तोंडावर आली, कांदिवलीच्या त्या सोसायटीत जिन्याजिन्यातून तळणाचा वास येऊ लागला, तरी उत्तराबाईंचा सोऱ्या अजून माळ्यावरच होता. तो काढावा की नाही, हेच त्यांचं ठरत नव्हतं.

कारण त्या घरात भाजणी, मोहन, तळण सगळं उत्तराबाईंचं, पण सोऱ्या दाबायचा तो श्यामसुंदररावांनीच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ते "दे इकडे" म्हणत पाटावर बसले, ते दर दिवाळीला बसत आले. भाऊबीजेला दहिसरच्या बहिणीपुढे, सुगंधाताईंपुढे, डबा ठेवताना "माझ्या हातच्या आहेत" हे सांगायला ते कधी चुकले नाहीत. जणू बाकी सगळं आपोआपच होत होतं.

यंदा श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. व्यायाम घ्यायला पूर्वी नावाची मुलगी यायची. तिनं रबरी चेंडू दिला. "काका, दाबा ना, ट्राय तरी करा."

"दाबून त्यातून निघणार काय?" श्यामसुंदरराव म्हणाले, आणि चेंडू सोफ्याखाली गेला तो गेलाच.

जाताना पूर्वी दाराशी थांबून म्हणाली, "काकू, स्पष्ट सांगते. हात वापरला नाही ना, तर तो असाच राहील." दुसऱ्या दिवशी उत्तराबाईंनी स्टुलावर चढून सोऱ्या खाली काढला.

जुना सागवानी सोऱ्या, तेल पिऊन काळा पडलेला. नळीत पीठ भरायचं आणि वरून लाकडी दट्ट्या दाबायचा, एवढंच त्याचं यंत्र. चांदणीची चकती बसवून, पीठ भरून उत्तराबाईंनी तो डायनिंग टेबलावर ठेवला. श्यामसुंदररावांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली. उजवा तळवा दट्ट्यावर ठेवला, त्यावर डावा, आणि जोर लावला. काही निघेना. पुन्हा लावला. मान लाल झाली, सोऱ्या कलंडला आणि टेबलावरून घरंगळला.

"विकतच्या आण," ते म्हणाले आणि उठायला लागले.

तेव्हा कुठे उत्तराबाईंच्या लक्षात आलं. पीठ सैल झालं की हा माणूस कुरकुर करायचा, म्हणून त्या पहिल्यापासून त्याच्या दंडाच्या बेतानं घट्ट मळत आल्या होत्या. आजही सवयीनं तसंच मळलं होतं. आपल्या डोक्यात शेण भरलंय का, असं त्यांना झालं.

"बसा हो जरा," त्या म्हणाल्या. "पीठच नीट झालं नाही माझं."

पिठाला गरम पाण्याचा हात लावून त्यांनी ते लोण्यासारखं मऊ केलं. मग समोर बसून डाव्या हातानं सोऱ्या स्वतःच धरला, आणि खाली प्लॅस्टिकचा कागद पसरला. "तुम्ही फक्त भार टाका. गोल मी फिरवते."

"सोऱ्या न फिरवता?"

"कागद फिरवते. चकलीला काय कळतंय?"

श्यामसुंदरराव हसले नाहीत, पण बसले. तळव्यावर तळवा ठेवून पुढे झुकले. चांदणीतून काटेरी नक्षीचं पीठ सरसर उतरू लागलं. उत्तराबाईंनी कागद फिरवला आणि वेढ्यावर वेढा बसला. पहिली चकली वाकडी झाली, दुसरी बरी, तिसरी थेट मागच्या वर्षीसारखी. जन्मभर पाहिलेली ती चकली उत्तराबाई नवलाईनं बघत राहिल्या.

पुढची निम्मी झाली असेल. खाली वाकल्यानं श्यामसुंदररावांचा चष्मा घसरला, म्हणून त्यांनी डाव्या हातानं त्याची दांडी धरली. नजर मात्र चकलीवरच होती.

पीठ उतरतच होतं.

उत्तराबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. दट्ट्यावर एकटा उजवा हात होता. थरथरत होता, बोटं वाकडीच होती, पण तळवा खाली खाली चालला होता. देवळाचा कळस पाहताना मान जशी आपोआप वर जाते, तशा त्या भान हरपून त्या हाताकडे पाहत होत्या. तोंडातून ब्रही काढायची त्यांना भीती वाटली. आपण बोललो आणि हे थांबलं तर? म्हणून त्या कागद फिरवत राहिल्या. चकली नेहमीच्या मापाची झाली, बशीएवढी झाली, कागदाच्या कडेला जाऊन भिडली.

"अगं, केवढी करतेस? ताटाएवढी झाली," श्यामसुंदरराव म्हणाले. "कढईत मावेल का?"

"दाबा तुम्ही," उत्तराबाई कशाबशा म्हणाल्या. तो आवाज ऐकून श्यामसुंदररावांनी मान वर केली. बायकोचे भरलेले डोळे पाहिले. मग चष्म्याला धरलेला आपला डावा हात पाहिला.

दट्ट्या चकतीला टेकला. सोऱ्या रिकामा झाला होता.

श्यामसुंदररावांनी डावा हात हळूच खाली घेतला आणि मांडीवर ठेवून दिला.

"भर परत," ते म्हणाले.