आज उघडलं

कार्ड १
हायासे कानबेई. जन्म १८४१. आधी सामुराई, मग दुकानदार. तलवार विकली आणि तेलाचे दिवे मांडले. आज त्याच्या नावाची कंपनी गाड्यांचे हेडलाइट बनवते.

कार्ड २
शैलेंद्र, मेकॅनिकलवाला, माझा शेजारी: "सुनेत्रा, अमेरिकन गाड्यांच्या माहेरी, मिशिगनमध्ये बसून जपानी हेडलाइटवाल्यावर पीएचडी? यार, पार्किंग लॉटमध्ये मोठ्यानं बोलू नकोस हं."

कार्ड ३
कानबेईची रोजनिशी. १८६८, त्याच्या धन्याचा किल्ला लढाईत जळाला तो दिवस. दोनच शब्द: आज उघडलं.
कोणी, काय, काही नाही.
गाइड म्हणाले, "किल्ला जळत असताना दुकान कोण उघडतं? ही रोजनिशी मागाहून कुणीतरी रचली आहे. शुक्रवारपर्यंत उत्तर आण, नाहीतर विषय बदल."
माझी चार वर्षं त्या रोजनिशीवर उभी आहेत.

कार्ड ४
मंगळवार. उत्तर नाही.
बुधवार. (कोरं.)

कार्ड ५
गुरुवार. वरच्या मजल्यावरच्या शरयूकाकूंनी मला आणि शैलेंद्रला जेवायला बोलावलेलं. बाहेर ॲन आर्बर गावभर बर्फ. काकूंचा हात ओव्हनच्या दारावर आपटला, बांगडीचे तुकडे फरशीवर.
"अगंबाई, वाढली!"
"काकू, फुटली म्हणा ना," शैलेंद्र म्हणाला. "एकीच्या तीन झाल्या म्हणून वाढली होय?"
"फुटली म्हणू नये, मेल्या. तुझ्या नागपुरात दुकान बंद करतात का? वाढवतात. बस, पोळी घे."
माझा घास हातातच राहिला. वाईट शब्द तोंडी नको म्हणून त्याच्या उलट शब्द.
लढवय्या कुठला शब्द टाळत असेल?

कार्ड ६
शुक्रवार सकाळ. लायब्ररी. सगळ्यात जाड जपानी कोश.
हिराकु: उघडणे.
खाली, बारीक टायपात: योद्ध्यांच्या बोलीत, माघार घेणे. अशुभ शब्द उच्चारू नये म्हणून.
त्या ओळीत दुकान नव्हतंच. तो रणातून पळाला होता, आणि सामुराई म्हणून त्यानं लिहिलेला तो शेवटचा शब्द होता.
आणि दुकानाचं नाव काय होतं? हिराकी, त्याच हिराकुचं नाम. तेहतीस वर्षं दारावरच्या पडद्यावर, हातभर अक्षरांत. गिऱ्हाइकं वाचायची: उघडं आहे. तो रोज सकाळी तो पडदा स्वतः टांगायचा.

कार्ड ७
गाइडनी कोशाची झेरॉक्स दोनदा वाचली.
"पुढची नोंद वाच."
ती अठरा दिवसांनंतरची. मी वाचली:
"पहिलं गिऱ्हाईक. म्हातारी कोळीण. एक वात मागितली. किती वाकायचं ठाऊक नव्हतं. आजवर फक्त धन्यापुढे वाकलो होतो. तेवढाच वाकलो. ती घाबरून मागे सरली. मग तीही वाकली."
गाइड उठून उभे राहिले.
"हे रचता येत नाही," ते हळूच म्हणाले. "लिहायला लाग."
मीही उभीच होते. बस म्हणायचं त्यांना सुचलं नाही, निघायचं मला.